मागण्याची उशी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी आता जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. माझ्या चारही कोपऱ्यांची शप्पथ. मधल्या बटणाचीही शप्पथ, आणि ते माझं एकुलतं एक बटण आहे, तेव्हा बघा मी किती गंभीर आहे. कुणी म्हणालं की हिला फेकाफेकी करायची सवय आहे, तर त्याला खुशाल माझ्याकडे पाठवा. मी उशी आहे. मला लोक फेकतात, मी काही फेकत नाही.

तर मी एक जुनी उशी आहे. डोक्याखालची नव्हे हं, गुडघ्याखालची. चर्चमध्ये वेदीच्या पुढे जो लाकडी कठडा असतो, त्याच्या पायाशी माझी जागा. माणसं माझ्यावर गुडघे टेकतात आणि देवाशी बोलतात. म्हणजे देव वर आणि मी खाली, मध्ये माणूस.

माझं कापड म्हणजे एका नाटकगृहाचा जुना मखमली पडदा, गडद लाल. पडद्याला आयुष्यभर वर जायची आणि खाली यायची सवय, त्यामुळे पहिली काही वर्षं कुणी टाळी वाजवली की मीही जागच्या जागी वीतभर उडायचे. आत भरले ते घोड्याच्या शेपटीचे केस. तेही साध्यासुध्या घोड्याचे नाहीत. सर्कशीत एक पांढरी घोडी होती, बँड सुरू झाला की शिंकायची. तिचे. म्हणून चर्चमध्ये ऑर्गन वाजायला लागला की माझ्या शिवणी अजून हुळहुळतात. माझ्याबरोबरच माझी बहीण शिवली गेली. आत तेच केस, पण तिला मिळालं फिकट पिवळं कापड, कुणाच्या तरी लग्नाच्या झग्यातलं उरलेलं. म्हणून ती पहिल्यापासून जरा नटवी.

आमच्या चर्चची एक रीत होती. उपदेश संपला की ज्याला वाटेल तो कठड्यापाशी यायचा. देवाकडे काही मागायचं असेल तर लाल उशीवर, म्हणजे माझ्यावर. उपकार मानायचे असतील तर पिवळीवर, म्हणजे बहिणीवर. आमची डावी-उजवी ठरलेली नव्हती. घंटेवाले काका हाताला येईल ती उशी हाताला येईल तिथे ठेवायचे, लोक रंग बघून ओळखायचे. माझ्यावर बसलेल्याला कुणी काही विचारत नसे, मागणं ज्याचं त्याच्यापाशी. पण पिवळीवर कुणी बसलं, की सगळी मंडळी उठून उभी राहायची. पाळकसाहेब वाकून विचारायचे, "कशाबद्दल?" त्या माणसाने मोठ्याने सांगायचं, आणि मग ऑर्गनवाल्या बाई सूर धरायच्या आणि सगळे मिळून उपकारस्तुतीचं एक कडवं म्हणायचे.

आता तुम्हीच सांगा, दोघींपैकी जास्त काम कुणाला? माझ्या पोटाला वर्षभरात खड्डा पडला. बहीण मात्र नव्या पावासारखी फुगलेली ती फुगलेलीच.

पण मी कधी कुरकुर केली नाही. कारण मला एक विद्या येते. गुडघ्यांतून सगळं ऐकू येतं. तोंड काहीही बोलेल, गुडघा खोटं बोलत नाही. बेकरीवाला माझ्यावर पिठाची दोन गोल वर्तुळं उमटवून जायचा आणि मागायचा की समोरच्या गल्लीत दुसरी बेकरी न निघो. एक पैलवान इतका रेटून मागायचा की कठडा टाचभर पुढे सरकायचा, शेवटी काकांनी तो खिळ्यांनी ठोकला. एक लहान मुलगी आली, तिने मागितलं की गणिताच्या बाईंचा घसा बसू दे. त्याच दिवशी, तिच्या पाठोपाठ, गणिताच्या बाई आल्या आणि त्यांनी मागितलं की त्या मुलीपुढे मला शांतपणे बोलता येऊ दे. दोन्ही मागण्या एकदम मान्य झाल्या. बाईंचा घसा आठवडाभर बसला आणि त्या अगदी शांतपणे बोलल्या.

हसू नका, खरं आहे.

आणि मग यायची काजवाली. एका कपड्यांच्या दुकानात ती काजं करायची, शर्टांची, कोटांची. लोक तिला त्याच नावाने हाक मारायचे. अंगाने किडकिडीत, पण गुडघे असे टेकायची की जणू इथेच राहायला आली आहे. तिचं मागणं एकच. तिचा नवरा घड्याळजी होता आणि त्याचे डोळे जात होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतली नस वाळत चालली आहे, शस्त्रक्रिया नाही, औषध नाही.

"प्रभू, त्यांची नजर राहू दे," ती म्हणायची. "सगळ्या जगाची घड्याळं चालू करतात ते. त्यांचं का बंद पाडतोस?"

आधी तिने दोन्ही डोळे मागितले. मग काही महिन्यांनी म्हणाली, बरं, एक डोळा. मग म्हणाली, वाचता नाही आलं तरी चालेल, माणसं ओळखण्यापुरतं ठेव. मग, माणसंही जाऊ देत, दार कुठे आणि भिंत कुठे एवढं कळलं तरी पुरे. बाजारात भाव पाडतात ना, तशी ती स्वतःच्याच मागणीचा भाव पाडत गेली. बदल्यात द्यायलाही काय काय काढायची. चहातली साखर सोडली. शेजारणीवरचा राग सोडला, आणि तो चांगला पोसलेला राग होता. एकदा म्हणाली, "त्यांच्या घोरण्याबद्दल परत चकार शब्द काढणार नाही." हे ऐकून तर मला वाटलं, आता तरी वरून काहीतरी येईल. बाईने आणखी काय द्यायचं?

आलं नाही.

मित्रांनो, तेव्हा मलाही पहिल्यांदा शंका आली. इतकी मागणी माझ्यावरून गेली होती, पण उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. मग मी मनाची समजूत घातली, की मागणी गुडघ्यातून खाली येते म्हणून मला कळते. उत्तर माझ्या वाटेने येत नसेल. पण समजूत ती समजूत. तिने पोट भरत नाही.

शंका येणारी मी एकटीच नव्हते. एका दुपारी चर्चमध्ये कुणी नसताना पाळकसाहेब आले आणि धपकन माझ्यावर बसले. म्हणाले, "मी तिला काय सांगू? दर रविवारी माझ्याकडे बघते ती." आणि असे पुढे झुकले की माझी शिवण टर्रकन उसवली. पांढऱ्या घोडीचे केस बाहेर आले.

"माफ कर," पाळकसाहेब म्हणाले. मला म्हणाले की देवाला, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघी बहिणींना बगलेत मारून ते काजवालीच्या घरी घेऊन गेले. फाटले होते मी, पण पिवळीची एक कड विरली होती, म्हणून तीही बरोबर.

त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून घड्याळजीचं टेबल, त्याच्यावर पांढरा कागद पसरलेला, चिमटे, बारीक स्क्रू, उघड्या पोटाची घड्याळं. भिंतीवर इतकी घड्याळं की प्रत्येकाची टिकटिक वेगळी, जणू लग्नाच्या पंगतीत सगळे एकदम बोलतायत. मागच्या खोलीत चूल, पलंग आणि तिचं शिवणाचं मशीन.

घड्याळजी गोल चेहऱ्याचा, मिश्किल माणूस. पाळकसाहेबांनी आम्हाला त्याच्या मांडीवर ठेवलं, तर त्याने दोन्ही हातांनी आम्हाला चाचपलं.

"ही खड्डा पडलेली मागण्याची," तो म्हणाला. "आणि ही फुगलेली उपकाराची. बरोबर ना?"

"रंग दिसला तुम्हाला?" काजवालीने घाईघाईने विचारलं.

"रंग कशाला दिसायला हवा? या खड्ड्यात तुझे दोन्ही गुडघे बसलेत की. लग्नात नाचताना सात-आठ वेळा माझ्या पायावर पाय दिलास, तेव्हापासून तुझं वजन ओळखतो मी."

पाळकसाहेब हसले. ती हसली नाही. चहा आणायला आत गेली.

चहा पिताना तिने सरळ विचारलं, "साहेब, एक सांगा. माझं मागणं पोचतं का?"

"पोचतं."

"मग उत्तर का येत नाही?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता उपदेश निघणार. पण ते म्हणाले, "मला माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही, तर मी विचारू कुणाला?"

"माझी आई आजारी होती तेव्हा मीही मागितलं होतं. खूप मागितलं. ती गेली."

"आणि तरी रविवारी उभे राहता?"

"दुसरीकडे जायला जागा सापडली नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "प्रभूनेही क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत मागितलं होतं, की हा प्याला माझ्यापासून दूर होऊ दे. त्याचंही झालं नाही."

"तो प्रभू होता, साहेब," काजवाली म्हणाली. "मी काजं करते."

पाळकसाहेबांनी चहा संपवला आणि ते गेले. पण जाताना दारात तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

त्याच संध्याकाळी ती गोष्ट घडली. घड्याळजी टेबलापाशी बसून एका मनगटी घड्याळाचं झाकण लावत होता. एक स्क्रू हातातून सुटला. सुटून कुठे दूर गेला नव्हता, त्याच्या समोरच्या पांढऱ्या कागदावर, त्याच्या नाकाखाली पडला होता. खिडकीतून ऊन सरळ त्याच्यावर पडलं होतं आणि तो चकाकत होता. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत होते, मलाही दिसत होता.

घड्याळजी वाकून जमिनीवर चाचपायला लागला.

काजवाली दारात उभी होती. तिने कागदाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. हळूच आली, स्क्रू उचलला आणि खाली, त्याच्या बोटांपाशी ठेवला.

"सापडला," तो म्हणाला. मग तो बोटांत फिरवत म्हणाला, "अगं, जमिनीवरचा स्क्रू गार लागतो. हा उन्हात तापलेला आहे."

भिंतीवरची सगळी घड्याळं तेवढी बोलत राहिली.

मग ती आम्हाला उचलून मागच्या खोलीत गेली, दार लोटलं आणि माझी शिवण पुरती उसवली. माझ्या पोटात घालायला घरात केस नव्हते, काथ्या नव्हता, काही नव्हतं. तिची नजर पिवळीवर गेली. गुबगुबीत, निवांत पिवळीवर.

"तू बरी फुगून बसली आहेस," ती म्हणाली. "तुझ्यावर बसतंय कोण?"

आणि कात्रीने तिने माझ्या बहिणीचं पोट उघडलं, आतले केस मुठी भरभरून काढले आणि माझ्यात कोंबले. राग होता तो, मित्रांनो. मला कळत होता, दाबून भरत होती ती. देवाचे उपकार काढून मागणीत घालत होती. मग दोघींना शिवलं. टाके मात्र सुरेख घातले, हात कलावंताचा, राग असला तरी वाकडा टाका पडत नव्हता. काम झालं तेव्हा मी टम्म फुगले होते आणि बहिणीच्या मधोमध चांगला खोलगट खड्डा होता.

त्या दिवसापासून मला एक गंमत जाणवायला लागली. माझ्यात आता अर्धे केस उपकाराचे होते. कुणी मागायला बसलं, रडकुंडीला आलं, की मला मधूनच गुदगुल्या व्हायच्या. हेही खरं आहे.

आम्ही चर्चमध्ये परत गेलो. पण काजवाली माझ्यावर परत बसली नाही.

डोळे गेलेच घड्याळजीचे, पुरते गेले. दार कुठे आणि भिंत कुठे, तेही राहिलं नाही. आणि गंमत अशी, की जो माणूस आजवर रविवारी टेबल आवरायचं निमित्त काढायचा, तोच आता म्हणायला लागला, मला चर्चला घेऊन चल. ती त्याला हात धरून आणायची, शेवटच्या बाकावर बसवायची आणि शेजारी हाताची घडी घालून बसायची. गीत म्हणायची नाही. डोळे मिटायची नाही. परक्याच्या बारशाला गेलेली बाई बसते ना, तशी. म्हणजे आले आहे, पण माझं इथे काही नाही.

मला तिचे गुडघे आठवायचे. उशीला दुसरं काय आठवणार?

मग एक रविवार आला. उपदेश संपला. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कुणाला यायचं आहे का? आणि शेवटच्या बाकावरून घड्याळजी उठला.

"कुठे चाललात?" काजवालीने विचारलं. चर्च लहान, सगळ्यांना ऐकू आलं.

"पुढे."

"मी येणार नाही."

"तुला कोण बोलवतंय? बाकांच्या कडेने जाईन."

आणि तो निघाला. एका हातात काठी, दुसरा हात बाकांच्या पाठींवर. दोन ठिकाणी बाकाऐवजी त्याच्या हाताला माणसांची डोकी लागली, त्याने ती चाचपून "माफ करा" म्हटलं. कठड्याशी पोचला. खाली वाकला. आम्ही दोघी हातभर अंतरावर होतो. त्याने आधी माझ्यावर हात फिरवला. मी टम्म. मग बहिणीवर. खड्डा.

मी मनातल्या मनात ओरडत होते, अरे बाबा, इकडे, इकडे. पण उशीचं कोण ऐकतं?

खड्डा सापडला म्हटल्यावर घड्याळजी खुशीत त्याच्यात गुडघे टेकून बसला. पिवळ्या उशीवर. उपकाराच्या.

ज्याचे डोळे गेले, तो माणूस उपकार मानायला बसला आहे. मग एक बाक करकरला, मग दुसरा, आणि सगळी मंडळी उठून उभी राहिली. रीतच होती ती.

घड्याळजीने मान वर केली. इतके बाक एकदम का करकरले, हे त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याने खालची उशी पुन्हा चाचपली, कडेचे टाके बोटाने बघितले. बायकोचे टाके होते, ओळखले. त्याला सगळं समजलं. त्याचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं रडतोय. मला शेजारून दिसत होतं, हसू दाबत होता.

पाळकसाहेब वाकले. "कशाबद्दल?"

आता उठून जाता आलं असतं त्याला. चूक झाली म्हणता आलं असतं, आंधळ्या माणसाला कुणी काही बोललं नसतं. पण तो उठला नाही. विचार करत बसला. ऑर्गनवाल्या बाई बोटं वर उचलून ताटकळल्या होत्या.

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "आज सकाळी बायकोने मला मोजे घातले. म्हणाली, दोन्ही एकाच जोडाचे आहेत. मला काही दिसत नाही. पण ती म्हणाली म्हणजे असणार. त्याबद्दल."

आणि मग मागच्या बाकांवरून एक बारीक फिसकन आवाज आला. मग दुसरा. कारण गुडघे टेकल्यावर पॅन्ट वर सरकते, आणि घड्याळजीचे दोन्ही मोजे सगळ्या मंडळीसमोर होते. एक तपकिरी होता. दुसरा निळा.

काजवालीने ते शेवटच्या बाकावरून बघितलं. ती अशी तरातरा पुढे आली की घंटेवाले काका बाजूला झाले.

"गप्प बसा," ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. "एक निळा आहे."

"हो का?" घड्याळजी म्हणाला. "मग उपकार परत घ्यायचे का? साहेब, घेता येतात परत?"

पाळकसाहेब हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले, आणि मग पुसतच राहिले. सगळी मंडळी हसत होती. काजवाली ओठ आवळून उभी होती, तिने पदर तोंडाला लावला, आणि तिलाही हसू आवरेना. किती दिवसांनी. आणि हसता हसता ती रडायला लागली, कशी ते तिलाही कळलं नाही.

तिने वाकून त्याचा खांदा धरला. पुढचं बोलणं फक्त त्यांच्यात झालं, पण मी हातभर अंतरावर होते.

"चुकीच्या उशीवर बसलात तुम्ही," ती म्हणाली.

"कळलं मला. कुणीतरी केस इकडचे तिकडे केलेत."

ती म्हणाली, "काय मागायला आला होतात?"

"तू परत पुढे यावंस म्हणून मागणार होतो. अजून तोंडही उघडलं नव्हतं मी, तोवर आलीस."

"आणि डोळे?"

"डोळे नाही मिळाले."

"मग?"

"मग काय? ते मलाही कळलेलं नाही. बस जरा. सगळे उभे आहेत बिचारे."

पाळकसाहेबांनी ते ऐकलं की नाही, माहीत नाही. पण ते वाकले, मला उचललं आणि बहिणीला अगदी चिकटून ठेवलं. काजवालीने माझ्याकडे बघितलं. मग ती माझ्यावर बसली. तेच गुडघे, तेच वजन. मी इतकी फुगलेली होते की ती आधी जरा डगमगली, मग घड्याळजीने तिचा हात धरला. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "आभार, प्रभू." ऑर्गन सुरू झाला, माझ्या शिवणी हुळहुळल्या, आणि मंडळीने असं कडवं म्हटलं की तुम्हाला काय सांगू.

तेव्हापासून आम्ही दोघी शेजारी शेजारीच असतो. घंटेवाले काका आता आम्हाला वेगळं ठेवत नाहीत. बरीच माणसं एक गुडघा माझ्यावर आणि एक बहिणीवर टेकतात. पाळकसाहेबही. मागतात तेही, मानतात तेही, आणि कोणतं कुठल्या गुडघ्यात, हे आम्हाला दोघींना मिळूनही सांगता येत नाही. घड्याळजी आता घड्याळं दुरुस्त करत नाही, पण कान लावून सांगतो, हे मागे पडतंय, हे पुढे धावतंय, आणि काजवाली त्याच्या सांगण्यावरून स्क्रू फिरवते. दोन-तीन घड्याळं तिने बिघडवलीसुद्धा. काजं मात्र अजून देखणी करते.

मी म्हातारी झाले. माझा रंग उडाला, एका कोपऱ्यातून केस डोकावतात. पण मला कशाचं वाईट वाटत नाही. किती माणसांनी माझ्यावर भार टाकला, आणि उठताना किती जण थोडे हलके होऊन उठले. एवढं ज्या उशीला मिळालं तिने आणखी काय मागायचं?

तुमच्याकडे एक विनंती आहे, मित्रांनो. चर्चमधल्या उशांना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. टाका सुटला तर तेव्हाच घाला. आणि कुणी पुढे येऊन गुडघे टेकले, तर त्याला लगेच काही समजावायला जाऊ नका. नुसते उभे राहा, आमची मंडळी राहिली तसे.

बरं, आता जाता जाता एक सांगते. सगळं खरं सांगितलं, घोडी खरी, पैलवान खरा, मोजे तर अगदी खरे. एकच गोष्ट मी जोडली. काजवाली माझ्यावर बसली तेव्हा "आभार, प्रभू" असं काही म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. तिने मागितलं नाही आणि मानलंही नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते शब्द मी तिच्या तोंडी घातले.

पण सगळं कडवं संपलं, लोक बसले, पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला, लोक घरी जायला उठले, घंटेवाले काका खिडक्या लावायला लागले, तरी ती उठली नाही. आणि गुडघ्यांचं मला कळतं.